घोडं पेंड खातं ते लँडिंगच्या वजनापाशी

मालवाहू विमानांचं डिस्पॅच, म्हणजे मार्ग, इंधन आणि वजन ठरवून विमान सोडण्याचं काम, बहुतांशी रात्री चालतं. दिवसभर गोळा केलेला माल संध्याकाळी हबवर येतो, त्याची वर्गवारी होते आणि मध्यरात्रीच्या आगेमागे विमानं एकापाठोपाठ सुटतात. म्हणून रात्रपाळीचे पहिले दोन तास सगळ्यात दाटीचे.

त्या रात्री पाळी हाती घेताना माझ्याकडे आलेलं विमान होतं बोइंग ७६७-३००एफ, सहा तासांचं उड्डाण, पोट भरून माल. आधीच्या डिस्पॅचरने नोंदीत तीन गोष्टी ठेवल्या होत्या. विमानाचं एपीयू (जमिनीवर वीज आणि इंजिनं सुरू करायला दाबाची हवा देणारं छोटं सहायक इंजिन) बंद, एमईएलनुसार (काय बिघडलेलं असताना उडता येतं त्याची यादी) उडायला परवानगी. गंतव्य विमानतळाची आयएलएस (कमी दृश्यमानतेत धावपट्टीपर्यंत आणणारी रेडिओ यंत्रणा) नोटॅमनुसार (वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना) कॅट-१ या सगळ्यात खालच्या दर्जावर उतरवलेली, कॅट-३ सगळ्यात वरचा. आणि टॅफमध्ये, म्हणजे विमानतळाच्या हवामान अंदाजात, पोहोचण्याच्या वेळी ३०० मीटर दृश्यमानतेचं धुकं.

यातली एकेक गोष्ट किरकोळ आहे. कॅट-३ चालू असती तर ३०० मीटरने फारसं अडलं नसतं. कॅट-१ ला धावपट्टीवरची दृश्यमानता साधारण ५५० मीटर लागते. शिवाय विमान पोहोचणार पहाटे. रात्रभर जमीन थंड होऊन बसलेलं धुकं सूर्य उगवला की लगेच विरतं असं नाही, पहिल्या अर्ध्या तासात ते अनेकदा उलट दाटतं. अशा अंदाजावर आमच्या नियमावलीप्रमाणे दोन पर्यायी विमानतळ द्यावे लागतात, आणि इंधन धरावं लागतं ते त्यांतल्या लांबच्याचं.

पहिला पर्याय २०० सागरी मैलांवर होता, हवामान स्वच्छ. तिथल्या हँडलिंग एजंटला फोन केला तर एअर स्टार्ट युनिट, म्हणजे बाहेरून इंजिनाला दाबाची हवा देणारं यंत्र, दुरुस्तीला गेलेलं. अशी गोष्ट नोटॅममध्ये सहसा येत नाही, फोनच करावा लागतो. एपीयू बंद असलेलं विमान तिथे उतरून दोन्ही इंजिनं थांबली, तर ती पुन्हा सुरू करायला हवा कुठून आणणार? नियमाने तो पर्याय चालतो, व्यवहारात विमान तिथे अडकून पडतं. जवळपासचे बाकीचे विमानतळ त्याच धुक्यात होते. दुसरा खरा पर्याय सापडला तो ४५० मैलांवर.

आता आकडेमोड. या विमानाचं कमाल टेकऑफ वजन सुमारे १८६.९ टन, कमाल लँडिंग वजन १४७.९ आणि इंधनाशिवायचं कमाल वजन १४०.२. माल भरून ते तिसरं वजन काठोकाठ आलेलं होतं. म्हणजे उतरताना टाकीत ७.७ टनांहून जास्त इंधन नको. प्रवासाला ३० टन, त्याच्या ५ टक्के आकस्मिक म्हणजे १.५, लांबच्या पर्यायापर्यंत ६, आणि शेवटचा अर्ध्या तासाचा राखीव साठा २.२. प्रवासाचे ३० वगळले तर उतरताना ९.७ टन उरतात. दोन टन जास्त.

नवशिका इथे टेकऑफचं वजन बघतो, तिथे सात टनांची सूट दिसते आणि तो निर्धास्त होतो. मालवाहू विमानात घोडं बरेचदा लँडिंगच्या वजनापाशी पेंड खातं, कारण उड्डाण मध्यम पल्ल्याचं आणि माल जड. "जास्तीचं वरती जाळून टाकू" ही सूचना दर वेळी कोणीतरी करतंच. मर्यादेबाहेरचं लँडिंग वजन आधीच ठरवून विमान सोडता येत नाही, आणि दोन टन मुद्दाम जाळायचे म्हणजे अर्धा तास घिरट्या.

दोन टन माल उतरवण्याआधी एक वाट होती: निर्णय-बिंदूची पद्धत. वाटेत, गंतव्याच्या दीड तास अलीकडे, एक बिंदू धरायचा. आकस्मिक इंधन तिथून पुढच्या ७.५ टनांवरच काढायचं, म्हणजे ०.४ टन. त्या बिंदूवर इंधन ठरल्याइतकं नसेल तर तिथल्या विमानतळावर उतरायचं. त्या विमानतळाचं हवामान आणि तिथपर्यंतचं पूर्ण इंधन वेगळं तपासावं लागतं. ते बसलं. उतरतानाचा आकडा ८.६ वर आला.

उरले ०.९ टन. मुख्य डेकवरचं पॅलेट काढलं तर दोन-अडीच टन जातात आणि वेळही. त्यातल्या एकावर फक्त मालवाहू विमानातच नेता येणाऱ्या लिथियम बॅटऱ्या होत्या. त्याला हात लावला की कॅप्टनला द्यायची धोकादायक मालाची सूचनाही नव्याने काढावी लागते. मागच्या सुट्या मालाच्या कप्प्यात १.१ टन टपाल होतं. मी फक्त किलो सांगतो, कुठला माल ठेवायचा हे व्यापारी विभाग ठरवतो. त्यांनी टपाल काढलं. शेपटाकडचं वजन गेल्याने गुरुत्वमध्य पुढे सरकला, मर्यादेत राहिला, नवीन लोडशीट (वजन-समतोलाचा तक्ता) आली. टेकऑफ वजन १७७.७ टन.

कॅप्टनना फोनवर दोन्ही पर्याय सांगितले. त्यांनी एकच विचारलं, "लांबच्या ठिकाणी स्टार्ट युनिट चालू आहे, हे तुम्ही कुणाकडून खात्री करून घेतलंत?" नाव आणि वेळ सांगितली, मग सही झाली. कॅप्टनइतकीच डिस्पॅचरची जबाबदारी धरणाऱ्या व्यवस्थेत हा प्रश्न रास्तच.

डिस्पॅचरच्या नोकरीच्या मुलाखतीत साधारण हेच देतात: एक टॅफ, चारदोन नोटॅम, एक एमईएल नोंद आणि मालाचं वजन. सोडणार का, किती इंधनावर? उत्तरापेक्षा तुम्ही कुठली मर्यादा आधी तपासता ते बघतात. परवान्यासाठी आंतरराष्ट्रीय मानकात किमान वय २१ आहे, काही देशांत जास्त. हवामान, नेव्हिगेशन, विमानाची कामगिरी, वजन-समतोल हे विषय परीक्षेला येतात. नोकरी लागल्यावर देखरेखीखालच्या पाळ्या असतात आणि दर बारा महिन्यांत एकदा तरी कॉकपिटमध्ये बसून प्रवास. तो प्रवास टाळू नका. आपली प्लॅनची पानं वैमानिक कसा वाचतो ते तिथेच कळतं.

त्या रात्री निर्णय-बिंदूवर विमानात ठरल्यापेक्षा ३०० किलो इंधन जास्त होतं, पुढे जायचं ठरलं. पोहोचताना दृश्यमानता ४०० मीटर. आकस्मिक आणि वाचलेलं मिळून ७०० किलो, म्हणजे नऊ-दहा मिनिटांच्या घिरट्या. आठव्या मिनिटाला दृश्यमानता ३५० मीटर झाली तेव्हा एकार्सवर (विमानाशी लेखी संदेशांची यंत्रणा) लांबच्या पर्यायाचं ताजं मेटार, म्हणजे प्रत्यक्ष हवामानाची नोंद, पाठवलं, आणि कॅप्टन वळले.

पाळी संपताना पुढच्या डिस्पॅचरसाठी नोंद: विमान पर्यायी विमानतळाकडे, उतरायला अजून पन्नास मिनिटं. स्टार्ट युनिट स्टँडवर मागवलंय, वीज देणारी गाडीही. वैमानिकांच्या ड्यूटीचे उरलेले तास परतीच्या उड्डाणाला पुरत नाहीत, राखीव चमूला कळवायचं आहे. परतीच्या प्लॅनसाठी टॅफ दुपारचा बघा, पहाटेचा नाही.