ब्रुकलिनच्या रस्त्यावरचं खेळसामान

सोमवार

१९५० च्या आगेमागे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात वाढलेली माणसं जुन्या गोष्टी बोलायला बसली की सगळ्यात आधी चेंडू निघतो. गुलाबी, रबरी, आतून पोकळ, साधारण अडीच इंचांचा. कंपनी स्पॉल्डिंग, पण ब्रुकलिनच्या जिभेवर त्याचा ‘स्पॉल्डीन’ झाला आणि तोच पक्का झाला. मूळ वस्तू म्हणजे टेनिसच्या चेंडूचा गाभा, वरची लोकर न चढवलेला. तो १९४९ पासून दुकानांत मिळू लागला. नव्या चेंडूवर पावडरीचा पातळ थर असायचा, हाताला लागायचा.

पोरं तो डोळे झाकून घेत नसत. खांद्याच्या उंचीवरून सोडायचा आणि कुठवर वर येतो ते बघायचं. दोन-तीन चेंडू असे टाकून बघितल्याशिवाय सेंट बाहेर निघायचे नाहीत. थंडीत रबर मठ्ठ होतं, त्यामुळे जानेवारीत केलेली परीक्षा फसवी. जुना चेंडू सांध्यावर उकलायचा आणि त्याच्या दोन वाट्या व्हायच्या. त्या फेकून देत नसत. अर्धी वाटी हवेत वेडीवाकडी वळते, ती काठीनं मारायचा वेगळाच खेळ होता.

स्टिकबॉल म्हणजे रस्त्यावर खेळायचा बेसबॉल, आणि त्याची बॅट म्हणजे झाडूचा दांडा. झाडू झिजला की त्याची तार उलगडायची, काड्या काढायच्या, खालचा भाग करवतीनं उडवायचा, मुठीला चिकटपट्टी गुंडाळायची. (झाडू खरंच झिजला होता की झिजला असं ठरवलं होतं, यावर घरोघरी वाद.) दांडा जेमतेम इंचभर जाड, त्यामुळे चेंडू नीट मधोमध बसला तरच जातो. दांडा चेंडूच्या जरा वरच्या भागाला लागला की चेंडू जमिनीवर आपटून जवळच उसळतो, जरा खालच्या भागाला लागला की सरळ आकाशात.

मैदान रस्त्यानंच आखून दिलेलं. गटाराचं एक लोखंडी झाकण म्हणजे होम, मारणाऱ्याची जागा, आणि पुढचं झाकण म्हणजे सेकंड बेस, धावत गाठायचा दुसरा थांबा. फर्स्ट आणि थर्डला उभ्या गाडीचा मडगार्ड, दिव्याचा खांब, जे असेल ते. फटका मोजायचा तोही झाकणांत. दोन झाकणांमधलं अंतर साधारण नव्वद फूट धरतात, पण गल्लीगणिक फरक. ‘दोन गटारं’ मारणारा पोरगा चांगला, ‘तीन गटारं’ मारणाऱ्याचं नाव पलीकडच्या गल्लीतही माहीत. १९५१ मध्ये न्यूयॉर्क जायंट्स या बेसबॉल संघाकडे आलेला खेळाडू विली मेज हार्लेमच्या रस्त्यात पोरांबरोबर स्टिकबॉल खेळायचा, त्याचे फोटो आहेत.

गोलंदाज नसेल तर स्वतःच उडवून स्वतःच मारायचं, त्याला फंगो म्हणत. गोलंदाज असेल तर एक टप्पा. शाळेची मोठी भिंत मिळाली तर तिच्यावर खडूनं चौकोन काढून सरळ जोरात टाकायचा. चौकोनाच्या रेघा मुद्दाम जाड काढत, कारण चेंडू रेघेला लागला की त्यावर खडूचा पांढरा डाग उमटतो. पंच नसलेल्या खेळात तेवढाच पुरावा.

गच्चीवर गेला की आउट. मुंबईच्या गल्लीत वाढलेल्या माणसाला हा नियम समजावून सांगावा लागणार नाही.

मंगळवार

चेंडू गटारात पडला की काय करायचं, हे स्वतंत्र शास्त्र होतं. कडेच्या जाळीखाली विटांची खोल टाकी असते. कचरा खाली बसावा म्हणून तिच्या तळाशी कायम पाणी ठेवलेलं असतं. पोकळ चेंडू त्यावर तरंगतो, म्हणून तो निघू शकतो.

कपडे अडकवायचा तारेचा हँगर घ्यायचा, पीळ सोडवून तार सरळ करायची. एका टोकाला चेंडूपेक्षा किंचित लहान कडं वळवायचं आणि ते काटकोनात वाकवायचं, म्हणजे पळीसारखा आकार येतो. दुसरं टोक झाडूच्या दांड्याला बांधायचं. कडं चेंडूच्या बाजूनं नाही, लांबून पाण्यात बुडवून खालून वर आणायचं. घाईनं बाजूनं लावलं की चेंडू भिंतीकडे सरकतो आणि मग कोपऱ्यात अडकतो. उन्हाळ्यात पाणी आटलेलं असलं तर चेंडू गाळावर बसलेला, पळी खाली शिरतच नाही. तो चेंडू गेला.

असाच दुसरा उद्योग भुयारी रेल्वेच्या हवेच्या जाळ्यांवर. दोरीला कुलूप बांधायचं, त्याच्या बुडाला चघळलेलं च्युइंगम लावायचं, खाली पडलेल्या नाण्यावर नेमकं सोडायचं. च्युइंगम फार ओलं असलं तर धुळीलाच चिकटतं.

बुधवार

‘स्टूप’ हा शब्द न्यूयॉर्कला डचांनी दिला. घरासमोरच्या उंच दगडी पायऱ्या. आपल्याकडे ओट्यावर जेवढं आयुष्य जायचं तेवढंच तिकडे या पायऱ्यांवर. स्टूपबॉलमध्ये चेंडू पायरीवर मारायचा आणि परत येताना झेलायचा. बहुतेक गल्ल्यांत एका टप्प्यावर झेलला तर ५, थेट झेलला तर १०, आणि पायरीच्या धारेवर लागून सुसाट आलेला थेट झेलला तर १००. शंभराच्या लोभानं सगळे धारेवर मारायचे आणि चेंडू पायरीच्या कोनात मरायचा. झिजलेल्या, गोलसर धारेच्या पायऱ्यांवर खेळण्यात अर्थ नव्हता.

तहान लागली की कोपऱ्यावरचं कँडी स्टोअर. चेंडू, खडू, वर्तमानपत्र, सिगारेट, सगळं तिथेच, आणि काउंटरवर एग क्रीम. त्यात अंडंही नाही आणि क्रीमही नाही. दूध, सोडा आणि चॉकलेट सिरप, बस. सिरप ब्रुकलिनचंच, फॉक्सेस यू-बेट. क्रमावरून आजही भांडणं होतात. ब्रुकलिनची बाजू घ्यायची तर उंच ग्लासात आधी दीड इंच खूप थंड दूध, मग सोडा, आणि सिरप शेवटी. सोडा काचेच्या सायफनमधला हवा, त्याला दाब असतो. तो चमच्याच्या पाठीवर सोडायचा म्हणजे दूध ढवळलं जातं आणि पांढरा फेस ग्लासाच्या काठापर्यंत चढतो. मग दोन मोठे चमचे सिरप फेसाच्या मधोमध ओतायचं, ते जड असल्यानं तळाला जातं. चमचा तळाशी ठेवून भरभर ढवळायचं, वर उचलायचा नाही. वर उचलला की फेस तपकिरी होतो आणि दुकानदाराची अब्रू जाते. दूध कोमट असेल तर फेस धरत नाही. बाटली उघडून ठेवलेल्या सोड्याचा फेस होत नाही, ते नुसतं पातळ चॉकलेट दूध. झाल्या झाल्या प्यायचं, दहा मिनिटांनी त्यात काही उरत नाही.

गुरुवार

आज स्केली. माझ्या मते या सगळ्यातला सगळ्यात हुशार खेळ हाच, आणि कॅरम खेळलेल्या माणसाला तो लगेच कळेल, कारण जीव टिचकीत आहे.

डांबरी रस्त्यावर साधारण सहा फुटांचा चौकोन खडूनं काढायचा. कडेनं बारा छोटी घरं, मधोमध तेरावं. आकडे ओळीनं मांडायचे नाहीत. एक या कोपऱ्यात तर दोन समोरच्या, म्हणजे प्रत्येक वेळी लांबची टिचकी मारावी लागते. तेराच्या भोवती तिरक्या रेघांचा पट्टा, ती कवटी. तिच्यात अडकलात तर दुसऱ्या कुणी धक्का मारून बाहेर काढेपर्यंत बसून राहायचं. घरात सोंगटी पडली की पुढची टिचकी, रेघेला टेकली तर नाही. एकपासून तेरापर्यंत जायचं, तसंच परत यायचं. परत आलेला ‘किलर’ होतो आणि बाकीच्यांच्या सोंगट्या मारून त्यांना बाद करतो. किती माराला बाद, हे प्रत्येक गल्लीचं वेगळं.

सोंगटी म्हणजे सोड्याच्या बाटलीचं पत्र्याचं झाकण, एकवीस दातांचं. या झाकणाचं पेटंट बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरनं १८९२ मध्ये घेतलं होतं, पण त्यानं हा उपयोग काही धरला नसेल. नुसतं झाकण हलकं, टिचकी मारली की उडतं किंवा गरगर फिरत भलतीकडे जातं. म्हणून त्यात मेण भरायचं.

आधी झाकण निवडायचं. ओपनरनं मधे वाकलेलं झाकण डुगडुगतं, ते नको. बाटली उघडताना झाकणावर नाणं ठेवून हलक्या हातानं उचललं तर कमी वाकतं. मग आतली बुचाची चकती चाकूच्या टोकानं अख्खी काढायची. (ती चकती शर्टाच्या आतून आणि झाकण बाहेरून ठेवून दाबलं की झाकण छातीवर बिल्ल्यासारखं बसतं. लहान पोरं पाच-पाच, सहा-सहा लावून फिरत.) झाकणाची सपाट बाजू फुटपाथवर पाणी टाकून घासायची, रंग जाऊन पत्रा गुळगुळीत होईपर्यंत. तीच बाजू खाली सरकते. मग दात वर करून झाकण ठेवायचं, त्यात मेणाच्या रंगखडूंचे तुकडे टाकायचे आणि वरून पेटती मेणबत्ती धरून ते वितळवायचे. एकाच वेळी काठोकाठ भरलं तरी थंड होताना मेण आकसतं आणि मध्ये खळगा पडतो, म्हणून दुसऱ्यांदा थोडं भरावं लागतं. पहिलं पुरतं थंड व्हायच्या आत दुसरा थर दिला तर दोन्ही एकजीव होतात. पहिला गार झाल्यावर दिलेला थर दोन-चार माराला निखळतो. उन्हाळ्यात मऊ झालेलं रस्त्याचं डांबरही भरत. ते जड आणि फुकट, पण उन्हात पुन्हा मऊ होऊन बोटाला लागतं.

वजनाचं गणित सोपं नाही. जड सोंगटी दुसऱ्याला उडवायला चांगली, पण सहा फूट जाताना दम तोडते. म्हणून जाणती पोरं दोन ठेवायची, एक फिरायला आणि एक मारायला. खेळाच्या मधे सोंगटी बदलता येते का, यावरून जेवढी भांडणं झाली तेवढी दुसऱ्या कशावरून नसतील.

पुढे झाकणांच्या आत बुचाऐवजी प्लास्टिकचा थर आला. बिल्ले तिथेच संपले.

शुक्रवार

खोक्याची स्कूटर. बुटावर पट्ट्यांनी बांधायचे लोखंडी स्केट किल्लीनं लांब-आखूड करता येत. मधला नट पूर्ण सोडला की स्केटचे दोन तुकडे होतात. तीन-चार फूट लांब, दोन बाय चार इंचांची फळी घ्यायची, पुढचा तुकडा पुढे, टाचेचा मागे, खिळे मारून वाकवायचे. पुढच्या टोकाला फळांचं लाकडी खोकं उभं ठोकायचं, वर दोन पट्ट्यांचं हँडल, हौस असेल तर रिकाम्या डब्यांचे दिवे. दोन्ही तुकडे एका रेषेत नसतील तर गाडी सतत एकीकडे ओढते. पोलादी चाकात खडा अडकला की गाडी जागच्या जागी थांबते, चालवणारा थांबत नाही. आवाज इतका की दोन गल्ल्या आधी कळे.

शनिवार

उन्हाळ्यातला पाण्याचा बंब, म्हणजे आग विझवण्यासाठी रस्त्याकडेला बसवलेला नळ. ब्रुकलिनमध्ये त्याला ‘जॉनी पंप’ म्हणत. त्याचा वरचा नट पाच कोनी असतो, मुद्दाम, म्हणजे घरातला साधा पाना बसू नये. तरी कुणीतरी मोठा माणूस पाना घेऊन यायचाच. दोन्ही बाजूंनी कापलेला डबा धारेला टेकवून वर तिरका धरला की पाणी कमानीसारखं उंच जातं. धरणाऱ्याच्या अंगात जोर हवा, नाहीतर डबाच उडतो. असा मोकळा बंब मिनिटाला हजार गॅलनहून जास्त पाणी सोडतो, म्हणजे जवळजवळ ३८०० लिटर. आजूबाजूचा दाब पडतो आणि तेवढ्यात कुठे आग लागली तर अग्निशामकांच्या हाती बारीक धार येते. शहर आता शॉवरसारखं छिद्रांचं झाकण लावून देतं, त्यातून मिनिटाला वीस-पंचवीस गॅलनच जातात. मजाही त्या प्रमाणात, हे मान्य करायला हवं.

रविवार

आठवणी सांगणारे हमखास म्हणतात की डॉजर्स, म्हणजे ब्रुकलिनचा बेसबॉल संघ, शहर सोडून गेले आणि ब्रुकलिन संपलं. १९५५ ला संघानं यँकीजना हरवून वर्ल्ड सिरीज जिंकली, २४ सप्टेंबर १९५७ ला एबेट्स फील्ड या त्यांच्या मैदानावर शेवटचा सामना झाला, समोर फक्त ६,७०२ माणसं. फेब्रुवारी १९६० मध्ये मैदान पाडायला आणलेला लोखंडी गोळा बेसबॉलसारखा रंगवलेला होता. ही क्रूर थट्टा कुणाला सुचली असेल कोण जाणे. दुःख खरं आहे. पण रस्त्यावरचा खेळ डॉजर्सनी नेला नाही, तो उभ्या गाड्यांनी खाल्ला.

आलटून-पालटून एका बाजूची पार्किंग बंद ठेवायचा नियम न्यूयॉर्कमध्ये १९५० मध्ये आला, यंत्रानं रस्ते झाडता यावेत म्हणून. म्हणजे तेव्हाच कडेला इतक्या गाड्या लागत होत्या की झाडूवाल्या यंत्राला जागा नव्हती. ब्रुकलिनची शेवटची ट्राम ३१ ऑक्टोबर १९५६ ला बंद झाली. स्केलीला लागतो तो कडेचा सपाट डांबरी तुकडाच, आणि गाडी लागते तीही नेमकी तिथेच. आणखी एक गोष्ट या गोड आठवणींत क्वचितच येते. १९३८ च्या गृहकर्जाच्या सरकारी नकाशांत ब्रुकलिनमधलं बेडफर्ड-स्टायव्हसंट लाल रंगवलेलं होतं, म्हणजे इथे कर्ज धोक्याचं. झाकणं आणि दांडे तिथेही तेच होते. घरं दुरुस्त करायला पैसे मात्र मिळत नव्हते.

गुलाबी चेंडू १९७९ मध्ये बंद झाला आणि १९९९ मध्ये पुन्हा आला. उसळी चांगली आहे म्हणतात. ब्रॉन्क्समध्ये एका रस्त्याला स्टिकबॉल बुलेवार्ड असं नावच दिलंय. एरवी कुठे खेळायचं तर आधी दोन्ही टोकांना अडथळे उभे करावे लागतात आणि कडेच्या गाड्या हलवून घ्याव्या लागतात. एक गाडी राहिलीच तर तिचा मडगार्ड अजूनही फर्स्ट बेस होऊ शकतो, अलार्म वाजला नाही तर.