तुम्ही विचारलेत म्हणून: आपल्या हवेत थर्मोस्टॅट कशाला?

पुण्या-मुंबईच्या उकाड्यात जुन्या गाडीला थर्मोस्टॅट (पाणी तापेपर्यंत त्याची रेडिएटरची वाट बंद ठेवणारी झडप) हवाच कशाला, तो काढून का टाकत नाही, असे मला वरचेवर विचारले जाते. विचारणाऱ्याने तो बहुधा आधीच काढलेला असतो आणि त्याला माझा होकार तेवढा हवा असतो. थर्मोस्टॅट इंजिनाला थंड ठेवत नाही, त्याला गरजेपेक्षा थंड राहू देत नाही, हे मी इतक्यांदा सांगितले आहे की आता सांगताना माझाच आवाज चढतो.

मात्र पुष्कळ वर्षे मीही तो काढतच असे. पाणी जितके मोकळे फिरेल तितके बरे, हे माझे तेव्हाचे म्हणणे अगदीच खुळचट नव्हते. ऑस्टिन सेव्हनसारख्या थर्मोसायफनच्या गाडीत पंपच नसतो. गरम पाणी हलके होऊन वर चढते, एवढ्याच जोरावर सारा प्रवाह चालतो आणि तिथे झडप ही अडचणच ठरते. तोच न्याय मी पंपाच्या गाडीला लावला.

ती १९४७ची एमजी टीसी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार होती, मालकांच्या वडिलांनी घेतलेली. मी थर्मोस्टॅटचा आतला भाग काढून टाकला. साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढावर रेडिएटरच्या टोपणाखालून वाफ येऊ लागली. रेडिएटर चोंदला असणार, असे मी ठामपणे सांगितले आणि रॉडिंगचे, म्हणजे त्याच्या नळ्यांत सळ्या घालून त्या साफ करण्याचे, पैसेही घेतले. पुढल्या महिन्यात त्याच चढावर हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामधले पॅकिंग) गेले, हेडला बाक आला. नवे गॅस्केट घालून इंजिन तापवले आणि प्रथमच हात लावून पाहिले, तर रेडिएटरची खालची टाकी कोमट होती आणि बायपासच्या (रेडिएटर टाळणाऱ्या) नळीवर मात्र हात ठरत नव्हता. मूळच्या बेलोज (भात्यासारख्या फुगणाऱ्या) थर्मोस्टॅटला एक सरकती स्लीव्ह, म्हणजे नळकांडे, असते. झडप उघडली की ती बायपासचे तोंड झाकते. मी ती फेकून दिली होती, म्हणून गरम पाणी रेडिएटर टाळून परत इंजिनात जात होते. हल्लीचा मेणाचा (आतले मेण तापून फुगले की उघडणारा) थर्मोस्टॅट बसवून पाहिला; त्याला ती स्लीव्ह नाही, त्यामुळे रड तीच. मालकांनी रागवायला हवे होते. ‘तुम्ही सांगाल तसं,’ एवढेच ते म्हणाले आणि ते मला अजून बोचते.

आता मी ७४ अंशांना उघडणारा मेणाचा थर्मोस्टॅट बसवतो. टीसीच्या रेडिएटरला दाबाचे (पाणी लवकर उकळू न देणारे) टोपण नाही आणि महाबळेश्वरला पाणी सुमारे ९५ अंशांनाच उकळते. ८८ अंशांचा घातला तर हाताशी उरते काय? स्लीव्ह नसल्याने बायपासच्या नळीतून थोडेच पाणी जावे म्हणून तिच्यात छिद्र पाडलेली पितळी चकती घालतो. छिद्र केवढे, यावर मात्र माझे स्वतःशीच भांडण आहे. पाच मिलिमीटरचे पाडले, तेव्हा एका गाडीत थर्मोस्टॅटपाशी गरम पाणी पोचेना आणि तो फार उशिरा उघडू लागला. तिचे छिद्र सहाचे केले आहे. पण त्यानंतर ती अजून मे महिन्यात घाट चढलेली नाही.