टेबल झकास झालं, पण हिशोबाने वैताग आणला

लिहायचं टेबल ऑर्डर देऊन बनवून घेतलं. टेबल एक नंबर झालंय, त्याबद्दल तक्रारच नाही, पण शेवटच्या हिशोबाचा विषय निघाला की अजून डोकं तापतं म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते. कुणाचा तरी मनस्ताप वाचेल.

डिझाईन, माप, लाकूड निवडणं हे सगळं मजेत पार पडलं. कारागीर हाताचा खरंच चांगला आहे, सांध्यात नख जात नाही इतकं फिटिंग. ऑर्डर देताना त्यांनी एक आकडा सांगितला, त्यातले साधारण निम्मे अ‍ॅडव्हान्स मागितले, मी लगेच दिले. बाकीचे निम्मे टेबल तयार झाल्यावर द्यायचे असं मी धरून चालले होते आणि मला वाटतं माझ्या जागी कुणीही तेच धरलं असतं.

टेबल तयार झाल्याचा फोन आला, गेले, बिल हातात घेतलं तर बाकी म्हणून सुरुवातीचा पूर्णच्या पूर्ण आकडा, वर आणखी थोडे. मला वाटलं अ‍ॅडव्हान्स वजा करायचा राहिला. म्हटलं, "दादा, मी दिलेले पैसे यात कुठे दिसत नाहीत." तर म्हणाले, "ताई, ते लाकडात गेले ना. मी सांगितला तो मजुरीचा रेट होता."

मी मोबाईल काढून त्यांचाच मेसेज दाखवला. टेबलाचे एवढे होतील, इतकंच लिहिलेलं. लाकडासकट का लाकूड सोडून, काही नाही. त्यांचं म्हणणं असं की त्यांच्याकडे येणारी बहुतेक गिऱ्हाईकं लाकूड स्वतः आणून देतात, म्हणून ते कायम मजुरीच सांगतात. अहो पण ही तुमची पद्धत, मला बाहेरून येणाऱ्या माणसाला ती कळणार कशी? सांगायचं काम कुणाचं? माणूस खोटा नव्हता, हे मी तेव्हाही मानलं आणि आताही मानते, पण आकडा सांगताना त्यात काय काय धरलंय हे सांगणं ही काम घेणाऱ्याची जबाबदारी आहे, यावर मी अजूनही ठाम आहे.

मग सुरू झाला खरा छळ. "बिल परत करून पाठवतो" म्हणाले, ते काही आलं नाही. फोन केला की "संध्याकाळी बोलू", संध्याकाळी फोन लागायचा नाही. टेबल पॉलिश होऊन त्यांच्याकडे जागा अडवून उभं, त्यांनाही ते हलवायचं होतं, मला तर हवंच होतं, आणि दोघंही एका आकड्यावर अडून बसलेलो. मेसेजवर भांडण वाढतच गेलं. एकदा वाटलं देऊन टाकावेत पैसे आणि मोकळं व्हावं, पण चूक नसताना का द्यायचे, या विचाराने रात्री झोप लागायची नाही.

शेवटी मी एकच गोष्ट मागितली: लाकूडवाल्याची चिठ्ठी. समोरासमोर बसलो. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली आणि प्लायच्या एका तुकड्यावर हिशोब मांडायला घेतला. लाकूड घनफुटावर मिळतं. ७ फूट लांब, १ फूट रुंद, सव्वा इंच जाड फळी म्हणजे साधारण ०.७३ घनफूट. रंधून ती १ इंचाची होते, म्हणजे नुसत्या जाडीतच पाचवा हिस्सा भुशात जातो. कडा कापणं, गाठी काढणं वेगळं. त्यामुळे वेस्टेज लावतात यात गैर काही नाही. पण वेस्टेज लावायचं ते तयार टेबलाच्या मापावर! चिठ्ठीवरचं माप विकत आणलेल्या अख्ख्या फळ्यांचं असतं, त्यात वाया जाणारं लाकूड आधीच आलेलं असतं. त्यांनी चिठ्ठीचं माप धरून वर पुन्हा वेस्टेज जोडलेलं. मी तिथे बोट ठेवलं. ते थोडा वेळ तुकड्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "हे बरोबर आहे तुमचं." त्या क्षणी जे बरं वाटलं ते काय सांगू.

तिथून गाडी पुढे सरकली. वेस्टेज काढलं, लाकडाचा खर्च निम्मा-निम्मा वाटून घेतला आणि नंतर वाढवलेल्या खणाची मजुरी मी पूर्ण दिली, कारण तो मीच मागितला होता. लाकूड सगळं त्या आकड्यातच यायला हवं होतं असं माझं मत आहे, पण त्याच दिवशी टेबल घरी आलं.

तर आकडा ऐकला की लगेच विचारा, यात लाकूड, मजुरी, पॉलिश, बिजागऱ्या, कुलूप, पोचवणं यातलं काय काय आहे. उत्तर लेखी घ्या, साधा मेसेज चालेल. अ‍ॅडव्हान्स एकूण रकमेतून वजा होणार ना, हे वेगळं विचारा. आणि अंदाज आहे का पक्का भाव, तेही. अंदाज असेल तर जास्तीत जास्त किती वाढू शकतो ते ठरवा.

अ‍ॅडव्हान्स मागितला म्हणून संशय घेऊ नका. तुमच्या मापाने कापलेलं लाकूड दुसऱ्या कुणाला विकता येत नाही, म्हणूनच ऑर्डर रद्द केली तर किती परत मिळणार हे कापायच्या आधी बोलून घ्यायचं, नंतर काही उपयोग नाही. मधेच बदल सांगितला आणि "किरकोळ आहे, करतो" असं उत्तर आलं तर तिथेच थांबून किती ते विचारा, माझ्या खणाचं हेच झालं.

हो, एक राहिलंच. लाकूड सुकलेलं आहे का बघा. घरातल्या फर्निचरला साधारण ८ ते १२ टक्के ओलावा ठीक मानतात, मोजायचं छोटं मीटर मिळतं. फळी रुंदीत आकसते-फुगते, लांबीत जवळजवळ नाही, त्यामुळे वरची रुंद फळी गच्च चिकटवून टाकली तर पुढे तडा जाऊ शकतो. तडा गेला तर दुरुस्ती कोण करणार आणि कुणाच्या खर्चाने, हेही त्याच मेसेजमध्ये लिहून घ्या.