डिस्क आहे, पण दिसत नाही

संध्याकाळपासून एकच वाक्य डोक्यात घोळतंय. विंडोज एक्सपीच्या सेटअपला हार्डडिस्क सापडली नाही. निळा पडदा, पांढरी अक्षरं, बाहेर पडायला एफ३. बास.

बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये, तर दिसतेय की! नाव बरोबर, क्षमता बरोबर. केबल बदलली, दुसरी डिस्क लावली, तरी तेच. मग वाटायला लागतं की आपल्यालाच काही येत नाही. उद्या देतो म्हणून सांगितलंय, पण तो विषय आत्ता नको.

सापडली नाही कशी?

शांतपणे पाहिलं तर उत्तर तारखांमध्येच आहे. विंडोज एक्सपी २००१ची, आणि एएचसीआयची, म्हणजे साटा डिस्कशी बोलायच्या नव्या पद्धतीची, १.० आवृत्ती २००४ची. एक्सपीच्या सीडीत तिचा ड्रायव्हर, म्हणजे ती पद्धत समजणारा प्रोग्राम, येणार कुठून? नंतरच्या सर्व्हिस पॅक ३ मध्येही तो आला नाही. इंटेलच्या आयसीएच९एम या चिपचंच घ्या. बायोसमध्ये साटा मोड आयडीई, म्हणजे जुनी पद्धत, ठेवला की तिच्यातला डिस्कचा कंट्रोलर आपला डिव्हाइस आयडी (ओळख क्रमांक) २९२८ सांगतो, एएचसीआय केला की २९२९. चिप तीच, तारा त्याच. नाव बदललं, आणि एक्सपी ओळखच देत नाही.

सोपा मार्ग म्हणजे आयडीई मोडमध्येच इन्स्टॉल करणं. पण नंतर नुसता मोड बदलला की बूट होताना ७बी या एररचा निळा पडदा येतो, कारण डिस्क वाचायला लागणारा ड्रायव्हर अजून बसलेलाच नसतो. विंडोज ७ मध्ये तो असतो, फक्त बंद असतो. आधी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात, एमएसएएचसीआय या ड्रायव्हर सर्व्हिसची स्टार्ट किंमत ३ वरून ० करायची, मगच बायोसला हात लावायचा.

एक्सपीच्या सेटअपला ड्रायव्हर बाहेरून द्यायचा एफ६चा मार्ग फ्लॉपीवाल्यांसाठी. सेटअपच्या सुरुवातीला पडद्याच्या तळाशी काही सेकंद सूचना येते. तेव्हा एफ६ दाबलं तरी लगेच काहीच घडत नाही, म्हणून माणूस दाबतच राहतो. खरा प्रश्न नंतर येतो, तिथे एस दाबायचं. सेटअप ड्रायव्हर फक्त ए ड्राइव्हमध्ये, म्हणजे फ्लॉपीत, शोधतो, पेनड्राइव्हकडे बघतही नाही. फ्लॉपीत थेट वरच्या पातळीवर टीएक्सटीसेटअप डॉट ओईएम ही फाइल हवी, फोल्डरमध्ये नको.

फ्लॉपी नसेल तर एनलाइट या प्रोग्रामने ड्रायव्हर सीडीतच मिसळायचा. आजची चूक नेमकी इथे होती. ड्रायव्हर मिसळला होता, पण साध्या प्लग अँड प्ले प्रकारात. तो सेटअपच्या पुढच्या टप्प्यात लागतो. सेटअपच्या पहिल्या, निळ्या पडद्याच्या टप्प्याला टेक्स्टमोड प्रकारच हवा, आणि यादीतून आपला २९२९ निवडायला हवा. ड्रायव्हर सीडीत होता आणि तरीही सापडत नव्हता! सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

सर्व्हिस पॅक १ च्या आधीची सीडी असेल तर डिस्कचा १३७ जीबीपुढचा भागही दिसत नाही. तो घोळ वेगळा, एएचसीआय ड्रायव्हरशी त्याचा संबंध नाही.

आता त्या वाक्याचा राग येत नाही. त्या सेटअपला जेवढं माहीत आहे, तेवढंच तो सांगतोय. ड्रायव्हर टेक्स्टमोडमध्ये घालून सीडीची नवी आयएसओ फाइल तयार झालीय, सीडी बर्न होतेय, सर्वांत कमी वेगावर. पट्टी ६२ टक्क्यांवर आहे.