जुन्या कॅबिनेटमध्ये नवा मदरबोर्ड : माझा अनुभव

इंदूरमधील आमच्या घरचा संगणक २०१२ साली जोडून घेतलेला होता. त्यात इंटेलचा आय-५ २४०० हा प्रोसेसर, एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड (सर्व भाग जोडणारा मुख्य बोर्ड) आणि डीडीआर३ प्रकारची ८ जीबी मेमरी होती. मध्यंतरी हार्ड डिस्क काढून साटा एसएसडी बसवल्यामुळे मराठी टंकलेखन, हिशेब आणि मुलांचा अभ्यास एवढी कामे तो मुकाट्याने करीत असे, त्यामुळे वेगाबद्दल माझी फारशी तक्रार नव्हती. मात्र १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला, आणि ज्या यंत्रावर बँकेचे व्यवहार होतात ते सुरक्षेच्या अद्यतनांविना चालवणे मला पटेना. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय लागते, आणि इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. आमचा दुसऱ्या पिढीतला होता.

आर. एन. टी. मार्गावरील सिल्व्हर मॉलमध्ये चौकशी केली, तेव्हा एका दुकानदाराने अस्सल इंदुरी थाटात सांगितले, "भिया, बोर्ड काहे को बदल रिये हो, इसी में आय-७ डाल दो." सल्ला अगदीच चुकीचा नव्हता. आमच्या बोर्डावरच्या एलजीए ११५५ सॉकेटमध्ये, म्हणजे प्रोसेसर बसवण्याच्या जागेत, बायोस (बोर्डातला यंत्र सुरू करणारा प्रोग्राम) अद्ययावत केल्यावर तिसऱ्या पिढीचा आय-७ ३७७० बसू शकतो आणि जुन्या बाजारात तो मिळतोही. परंतु त्याने वेग वाढला असता, विंडोज ११ ची अट मात्र तशीच राहिली असती. म्हणून बोर्डासकट बदल करणे मला अधिक शहाणपणाचे वाटले. बोर्ड बदलायचा म्हटला की मेमरीही बदलावी लागते, कारण डीडीआर३ च्या पट्टीला २४० आणि डीडीआर४ च्या पट्टीला २८८ संपर्कबिंदू असतात, खाचेची जागा निराळी असते आणि व्होल्टेजही वेगळे असते. थोडक्यात, "प्रोसेसर बदलणे" या दोन शब्दांत कॅबिनेट आणि डिस्क वगळता जवळजवळ सगळेच येते, हे खर्चाचा अंदाज बांधतानाच धरून चालावे.

मेमरीचे भाव तेव्हा चढलेले असल्यामुळे डीडीआर५ या आणखी नव्या प्रकारच्या मेमरीचा विचार मी सोडून दिला आणि एएमडीचा रायझन ५ ५६००जी, बी५५० चिपसेटचा मायक्रो-एटीएक्स बोर्ड आणि डीडीआर४ मेमरीच्या ८ जीबीच्या दोन पट्ट्या घेतल्या. भाच्याने फोनवर बजावले होते, "मामा, नावातला शेवटचा जी पाहून घ्या." त्याचे कारण असे की, नुसत्या ५६०० मध्ये चित्रदर्शनाची अंगभूत सोय नसते, आणि आमच्याकडे वेगळे ग्राफिक्स कार्ड नव्हते. हा प्रोसेसर बोर्डानंतर म्हणजे २०२१ साली बाजारात आलेला असल्यामुळे, जुन्या साठ्यातला बोर्ड त्याला ओळखेलच असे नसते. तेव्हा दुकानातच काउंटरवर जोडून बायोसचा पडदा दिसेपर्यंत मी पैसे दिले नाहीत. एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबाही नवा घेतला. जुन्यात प्रोसेसरसाठी केवळ चार पिनांची तार होती, नव्या बोर्डावर आठ पिनांची जागा आहे. शिवाय इतक्या वर्षांच्या कपॅसिटरांवर नव्या सामानाचा भार टाकणे मला मान्य नव्हते.

उघडण्यापूर्वी करावयाचे काम हेच खरे कौशल्याचे, असे माझे मत झाले आहे. सर्व माहितीची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली. विंडोजचा परवाना मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून ठेवला, कारण तो मदरबोर्डाशी बांधलेला असतो आणि बोर्ड बदलताच सक्रियता जाते. तयार संगणकासोबत आलेला ओईएम परवाना तर सहसा दुसऱ्या बोर्डावर नेताच येत नाही. आमची डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीने विभागलेली होती आणि सिक्युअर बूटसाठी, म्हणजे सुरू होताना फक्त विश्वासू प्रणालीच चालू देणाऱ्या सोयीसाठी, जीपीटी ही विभागणीची नवी पद्धत आवश्यक असते. विंडोजमध्येच असलेल्या एमबीआर२जीपीटी या साधनाने आधी केवळ तपासणी केली, प्राथमिक विभाग तीनपेक्षा जास्त नाहीत याची खात्री झाल्यावर रूपांतर केले आणि लगेच यंत्र बंद केले. नेटवर्कचा ड्रायव्हर एका पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवला.

जानेवारीत माळव्याची हवा थंड आणि कोरडी असते, त्यामुळे लोकरी स्वेटर काढतानाच ठिणग्या उडतात. कॅबिनेटच्या धातूला हात लावून स्थिर वीज घालवावी, असे सर्वत्र सांगितले जाते. पण ती वीज जमिनीत जायला अर्थिंग लागते, आणि जुन्या घरांत तीन पिनांच्या सॉकेटमधील अर्थिंगच्या भोकामागे तार असतेच असे नाही. आम्ही वायरमनकडून फेज आणि अर्थिंग यांच्यातील व्होल्टेज मोजून घेतले आणि ते २३० च्या आसपास आल्यावरच त्या सॉकेटचा भरवसा धरला.

प्रत्यक्ष जोडणी सोपी होती. एएम४ सॉकेटच्या, म्हणजे आमच्या नव्या प्रोसेसरच्या पिना त्याच्या स्वतःच्या पोटाशी असतात, त्यामुळे कोपऱ्यातील सोनेरी त्रिकोण जुळवून तो नुसता ठेवायचा असतो, दाबायचा नसतो. सोबतच्या पंख्यासाठी बोर्डावरील प्लास्टिकचे दोन पट्टे काढावे लागतात, मागची धातूची पट्टी मात्र हाताने धरून ठेवावी, नाहीतर ती निसटून खाली पडते. स्क्रू कर्णरेषेत थोडेथोडे आवळले. मेमरीच्या पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवल्या. अंगभूत ग्राफिक्स मुख्य मेमरीच वापरत असल्यामुळे मेमरीकडे जाणारे दोन्ही मार्ग (ड्युअल चॅनेल) चालू असण्याने फरक पडतो. सर्वांत किचकट काम कॅबिनेटच्या पुढच्या बटणांच्या बारीक तारांचे. बटणांच्या तारा उलटसुलट चालतात, दिव्यांच्या चालत नाहीत.

पहिल्यांदा सुरू करताना पडदा बराच वेळ काळा राहिला. बोर्ड नवीन मेमरीची जुळणी करीत असतो, तेवढा धीर धरावा. नंतर विंडोज १० जुन्याच डिस्कवरून उघडले आणि त्याने बहुतेक ड्रायव्हर आपले आपण बसवले. सक्रियता गेली होतीच. ट्रबलशूटमध्ये जाऊन हार्डवेअर नुकतेच बदलल्याचा पर्याय निवडल्यावर ती परत मिळाली. बायोसमध्ये एफटीपीएम (प्रोसेसरमध्येच असलेले टीपीएम) आणि सिक्युअर बूट चालू आहेत हे पाहिले आणि त्यानंतर विंडोज ११ विनाअडथळा चढले.

जुना प्रोसेसर, बोर्ड आणि मेमरी मी एकत्रच विकली. एलजीए ११५५ मध्ये पिना बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात आणि प्रोसेसर काढल्यावर त्या सहज वाकतात, म्हणून ग्राहकाच्या हाती देईपर्यंत प्रोसेसर जागेवरच राहू दिला.