महिन्याला 3,600 डाव

पोकरच्या लाइव्ह टेबलावर, म्हणजे समोरासमोर बसून खेळताना, तासाला साधारण 30 डाव होतात. पत्ते पिसणं, वाटणं, चिप्स मोजणं, कुणीतरी मध्येच विचार करत बसणं, सगळं धरून एवढेच. रोज 6 तास आणि महिन्याला 20 दिवस बसलं तर 3,600 डाव झाले. पोकरवर पोट भरणाऱ्याच्या बहुतेक अडचणी या एका आकड्यातून निघतात. काळा चष्मा आणि दगडी चेहरा यांचा त्यात वाटा फार थोडा.

होल्डेममध्ये (पोकरचा एक प्रकार: प्रत्येकाला दोन झाकली पानं, मध्ये सगळ्यांसाठी पाच उघडी) एक्क्यांची जोडी सरासरी 221 डावांत एकदा हातात येते, म्हणजे 30 च्या वेगाने सात तासांहून अधिक वाट बघायची. ती आली, समोर राजांची जोडी निघाली आणि पहिली तीन पानं उघडायच्या आधीच सगळे पैसे मध्ये गेले, तरी जिंकण्याची शक्यता सुमारे 82 टक्के असते. पाचातला जवळजवळ एक पॉट (मध्ये जमलेले पैसे) जाणारच. खेळात चूक शून्य, तरी खिसा रिकामा.

चांगला खेळाडू लाइव्ह टेबलावर रेक (प्रत्येक पॉटमधून कॅसिनो कापतो तो हिस्सा) आणि टिप वजा जाता तासाला 3 बिग ब्लाइंड (पत्ते बघण्याआधी लावायची सक्तीची मोठी रक्कम, कमाई त्यातच मोजतात) कमावतो असं धरू, म्हणजे 100 डावांमागे 10. चढउतार मात्र 100 डावांमागे 90 च्या आसपास असतो (संख्याशास्त्रातलं प्रमाण विचलन). 3,600 डावांत अपेक्षित कमाई 360 आणि विचलन 540. त्यामुळे दर चार महिन्यांतला एक महिना तोट्यात जातो, तेही सगळं बरोबर खेळून. कमाई 100 डावांमागे 5 असेल तर तीन महिन्यांतला एक महिना तोट्याचा. आपण खरंच चांगले खेळतोय की नशीब साथ देतंय हे जरा खात्रीने कळायला लाखभर डाव लागतात. लाइव्ह टेबलावर त्याला 28 महिने लागतील. घरमालक तेवढा थांबत नाही.

ऑनलाइन खेळात हे गणित वेगळं होतं. चार टेबलं एकदम उघडली की तासाला 300 डाव, म्हणजे लाख डाव तीन महिन्यांत. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद झाले, कौशल्याचे असोत वा नशिबाचे. इथल्या खेळाडूंचा वेग त्या दिवशी दशांशावर आला. जवळचा पर्याय उरला तो पणजीला मांडवीत नांगरलेल्या जहाजांवरचा. (खुद्द गोंयकाराला 2020 पासून कॅसिनोत खेळायला मनाई आहे, त्याने काठावरून दिवे बघायचे.) मुंबई-पुण्याहून जाणाऱ्याला प्रवास आणि खोलीभाडं रेकसारखंच धरावं लागतं. ते वहीत न लिहिणारे बरेच असतात.

आता भांडवल. समजा 100/200 चं टेबल आहे, म्हणजे स्मॉल ब्लाइंड 100 आणि बिग ब्लाइंड 200 रुपये. 100 बिग ब्लाइंडचा बाय-इन (बसताना घ्यायची रक्कम) 20,000 रुपये, असे 30 बाय-इन म्हणजे 6 लाख. तासाला 3 बिग ब्लाइंड म्हणजे 600 रुपये, 120 तासांचे 72,000. ऐकायला छान वाटतं. पण घर त्याच पैशातून चालणार असेल तर भांडवलात पडणारी खरी कमाई बरीच कमी. बुडण्याची शक्यता काढायचं सूत्र असं: 100 डावांमागची निव्वळ कमाई गुणिले भांडवल (दोन्ही बिग ब्लाइंडमध्ये) गुणिले 2, भागिले विचलनाचा वर्ग. उत्तर 2.718 चा उणे घातांक म्हणून घ्यायचं.

घरखर्च 40,000 असेल तर महिन्याला 160 बिग ब्लाइंड उरतात, म्हणजे 100 डावांमागे 4.4, आणि बुडण्याची शक्यता सुमारे 4 टक्के. घरखर्च 60,000 झाला की उरतात 60, म्हणजे 1.67, आणि तीच शक्यता 29 टक्क्यांवर जाते. खेळ तोच, टेबल तेच. फरक मोठ्या भाड्याच्या घराचा किंवा गाडीच्या हप्त्याचा. म्हणून सहा महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात असल्याशिवाय नोकरी सोडू नये. आणि 6 लाखांचे 4 लाख झाले की मुकाट 50/100 वर उतरावं. उतरणं अपमानाचं वाटतं, तिथेच माणसं जातात.

टेबलावर स्ट्रॅडल (पत्ते बघण्याआधीच कुणीतरी बिग ब्लाइंडच्या दुप्पट लावणं) सुरू झाला तर 100/200 चा खेळ प्रत्यक्षात 400 चा होतो. 20,000 घेऊन बसलेला माणूस आता फक्त 50 ब्लाइंडवर बसलाय, आणि त्याचे 30 बाय-इन खरं तर 15 आहेत. जागा बदलायला मिळाली तर बेफाम पैसे लावणाऱ्याच्या लगेच डावीकडे बसावं, म्हणजे तो आधी बोलतो आणि आपण नंतर.

आयकर वेगळाच. जिंकलेल्या रकमेवर सरसकट 30 टक्के आणि वर उपकर. प्रवास, राहणं, शिकवणी यांतलं काही वजा होत नाही, आणि तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वळता करता येत नाही. वरची 4 आणि 29 टक्क्यांची गणितं कराआधीची आहेत.

टुर्नामेंटचा चढउतार याहून रानटी. 2003 मध्ये ख्रिस मनीमेकर हा अकाउंटंट 86 डॉलरच्या ऑनलाइन सॅटेलाइटमधून (स्वस्तातली पात्रता स्पर्धा) लास वेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या 10,000 डॉलरच्या मुख्य स्पर्धेत पोचला आणि 839 जणांत पहिला येऊन 25 लाख डॉलर घेऊन गेला. पुढच्या वर्षी 2,576 जण आले. त्यातल्या पहिल्याचं नाव लोकांना आठवतं, बाकी 2,575 चा हिशेब कोण ठेवतो! अशा स्पर्धांसाठी 200 बाय-इनही कमीच, त्यामुळे बरेच व्यावसायिक स्वतःच्या पैशाने पूर्ण खेळतच नाहीत. ते जिंकायच्या रकमेतला हिस्सा आधीच विकतात. 10,000 च्या प्रवेशाचा अर्धा हिस्सा 1.2 च्या भावाने (मूळ किमतीच्या 1.2 पट) विकला तर 6,000 हातात येतात आणि 4,000 घालून उरलेला अर्धा आपला राहतो.

दुसरा मार्ग म्हणजे पूर्ण पैसा पाठीराख्याचा आणि नफा निम्मा-निम्मा. इथे 'मेकअप'ची, म्हणजे आधीचा तोटा भरून काढायची, अट नीट वाचावी. आधी 4 लाख गमावले आणि नंतर 6 लाख जिंकले, तर पहिले 4 लाख पाठीराख्याचे. उरलेल्या 2 लाखांतला 1 खेळाडूचा. करार मधेच मोडला तर शिल्लक मेकअप कोणी फेडायचा, हे खेळायला बसण्याआधी कागदावर लिहून घ्यावं. भांडणं बहुतेक त्या एका ओळीवरून होतात.