साध्या घड्याळाचे नखरे

रविवार, रात्री साडेदहा

पाऊस काही हटेना, म्हणून माझं नोमोस टांगेंटे, चावीचं जर्मन घड्याळ, आज कपाटातच. ३ बार पाणीरोधक म्हणजे हात धुताना उडालेले शिंतोडे सोसेल इतपत. पुण्याचा जुलै त्याच्या आवाक्यातला नाही. त्यात पट्टा चामड्याचा, भिजला की वास मारतो.

घरात या घड्याळाचं कौतुक कुणालाच नाही. आई म्हणाली, "एवढे पैसे मोजलेस आणि आकडेसुद्धा निम्मेच?" खरंच आहे. १२, २, ४, ८, १०, बाकी नुसत्या रेघा. सहाच्या जागी सेकंदाची छोटी तबकडी. तारीख नाही, अंधारात चमकणारं काही नाही. रात्री वेळ बघायची तर फोन लागतोच.

पण काटे! रंगवलेले नाहीत, पोलाद तापवून आणलेला निळा आहे तो. सावलीत चक्क काळे वाटतात. खिडकीशी मनगट जरा कललं की एकदम गर्द निळी रेघ उमटते. त्या फिकट तबकडीवर रंग म्हणून काय तो तेवढाच. मीटिंगमध्ये मी वेळ बघतो असं लोकांना वाटतं, मी काटे बघत असतो.

याला सरसकट 'बाउहाउस घड्याळ' म्हणतात ते मला तितकंसं पटत नाही. बाउहाउस ही जर्मनीतली कला नि डिझाइनची शाळा, ती १९३३ मध्ये बंद पडली. नोमोस कंपनी निघाली १९९० मध्ये, बर्लिनची भिंत पडल्यावर, ड्रेस्डेनजवळच्या ग्लासह्युटे गावात. टांगेंटे आलं १९९२ मध्ये, तेही १९३०च्या दशकातल्या तबकड्यांच्या वळणावर. त्या शाळेशी थेट नातं सांगायचं तर युंगहान्स या दुसऱ्या जर्मन कंपनीच्या काही घड्याळांचं सांगावं, कारण ती रेखाटणारा माक्स बिल स्वतः देसाऊला, त्याच शाळेत शिकलेला. शिवाय चांगली वस्तू कारखान्यात बनावी आणि सगळ्यांना परवडावी, असं त्या मंडळींचं स्वप्न होतं. दीड लाखाच्या पुढची वस्तू हातात बांधून मी त्यांचं नाव कोणत्या तोंडाने घेऊ?

शेवटी साधेपणा घड्याळाचा, उस्तवार माझी. रोज चावी द्यायची. पूर्ण चावीवर चालतं ४३ तास. शुक्रवारी सकाळी दिली आणि शनिवारी विसरलो, तर रविवार उजाडायच्या आत बंद. रोज काही सेकंद पुढेमागे होतं ते वेगळंच. त्या बाबतीत साधं क्वार्ट्झ याला केव्हाच मागे टाकतं. माप म्हणाल तर कागदावर ३५ मिलिमीटर, पण कडा बारीक, सगळी तबकडीच, आणि पट्टा अडकवायचे पाय लांब नि सरळ. माझ्या काडीसारख्या मनगटावर ते जेमतेम मावतात. ऑनलाइन फोटो बघून घेऊ नये, आधी हातात घालून बघावं.

चावी देण्याचा मात्र मला कंटाळा नाही. चहा उकळेपर्यंत बोटांखाली ती बारीक करकर, मग स्प्रिंग भरत आल्यावर लागणारा अडसर. तिथे थांबायचं, जोर करायचा नाही.

खरी काळजी सर्व्हिसिंगची. पूर्वी यांच्या आत स्विस यंत्र असे, नंतर अल्फा हे घरचंच बसवू लागले. अभिमानाची गोष्ट आहे, पण सुटा भाग लागला तर तो गल्लीतल्या घड्याळजीच्या खणात सापडायचा नाही. परवा एकाला विचारलं तर तो म्हणाला, "उघडून बघतो की!" मी घड्याळ खिशात घातलं आणि निघालो. दिवाळीनंतर मुंबईत कुणी जाणकार मिळतो का, ते बघायला हवं.